पालीला का आलो नाही ते सांगतो

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे सांगायला गेलो की बाबा तुम्ही "बरं बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणता (बिल वाढत नाही हो आता, किती वेळा सांगू) आणि आई मागनं ओरडून चार सल्ले देते, त्यात माझं सांगायचं राहून जातं. म्हणून टाईप करून पाठवतोय. दादाच्या पोरीला मोठ्याने वाचायला सांगा, ती मधली मधली वाक्यं खाते, तेवढं लक्ष ठेवा.

बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, सहाशे रुपयाच्या पाखरापायी खंडोबाचं लग्न चुकवलंस. लागलं ते. पण राग नाही आला, कारण लांबून बघणाऱ्याला तसंच दिसणार. मला आठवतंय तेव्हापासून पौषात पालीला गेलो नाही असं वर्ष नाही, कॉलेजची परीक्षा होती तेव्हासुद्धा भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या शर्टावरच पेपरला बसलेलो. तर यंदा काय झालं ते सगळं सांगतो, मग काय बोलायचं ते बोला.

दिवाळीला आलेलात तेव्हा बघितलीत ना ती जोडी, झेब्रा फिंच. गालावर नारिंगी ठिपके असलेला नर, तो दिवसभर यात्रेतल्या पिपाणीसारखा वाजतो म्हणून त्याचं नाव भोंगा. राखाडी मादी ती ठमी. बाबांनी तेव्हा विचारलेलं की आपल्या रानात काय पाखरं कमी आहेत का, विकत कशाला आणायची. तर आपल्याकडची मुनिया वगैरे पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, ही मूळची ऑस्ट्रेलियाची, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढत आलेली, म्हणून दुकानात मिळतात. वजन किती, तर बारा-तेरा ग्रॅम. आईच्या पोह्याच्या चमच्यात बसेल एवढा जीव.

गुरुवारी रात्री बॅग भरून ठेवलेली. शुक्रवारी पहाटे पाचला उठलो, पिंजऱ्यावरचा कपडा काढला तर ठमी दांडीवर नाही. खाली कोपऱ्यात कापसाच्या बोंडासारखी फुगून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, पाय फाकलेले आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली होतेय. पहिल्यांदा वाटलं थंडी, त्या आठवड्यात पुण्यात गारठा होताच. हातात घेतली तर पळाली नाही. एरवी पिंजऱ्याजवळ नुसता हात नेला तरी थयथयाट करणारी ती, मुठीत गप्प पडून राहिली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पाखरं दुखणं लपवतात, कारण आजारी दिसलं की रानात पहिला त्यांचाच नंबर लागतो. त्यामुळे आपल्याला दिसतं तोवर बराच उशीर झालेला असतो. पिसं फुंकरून बघितलं तर शेपटीच्या खाली पोट टरारून फुगलेलं.

तेव्हाच तुम्हाला फोन केलेला. आई, तू बघितलं नाहीस काही नाहीस, नुसतं ऐकून म्हणालीस, "अंडं अडकलंय तिचं. शेक दे आणि एरंडेल लाव." डॉक्टरने नंतर तेच सांगितलं, पहिल्या अर्ध्या भागाबद्दल. शेकाला शंभर मार्क. एरंडेल मात्र नको म्हणाला, पिसांना तेल लागलं की ऊब धरत नाहीत आणि बारा ग्रॅमचं पाखरू तासाभरात गार पडतं. आणि पोट दाबून अंडं काढायला तर अजिबात जाऊ नका म्हणाला, आत फुटलं की संपलं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण शेजारच्या काकूंनी तोपर्यंत दोनदा "जरा दाबून बघ" म्हणून झालेलं.

शेक द्यायचा कसा ही वेगळीच गंमत. बाबा, तुम्ही कोंबडीच्या पिल्लांच्या डालग्यावर साठचा बल्ब टांगायचात ते डोळ्यासमोर होतं, म्हटलं सोपं आहे. पण घरात सगळे एलईडी! ते उजेड देतात, ऊब काही देत नाहीत. सकाळी सातला खाली इलेक्ट्रिकच्या दुकानाचं शटर वर जायची वाट बघत उभा राहिलो, त्या म्हाताऱ्याने वरच्या फळीवरनं धूळ झटकून एक साठचा पिवळा बल्ब काढून दिला, म्हणाला आता हे कोणी मागत नाही. प्लास्टिकचा खोका, तळाला मऊ टॉवेल, एका टोकाला बाहेरनं बल्ब, दुसरं टोक गार, म्हणजे तिला जास्त झालं तर सरकता यावं. आत वाटीत कोमट पाणी, हवा कोरडी पडू नये म्हणून. मत्स्यालयाचा थर्मामीटर ठेवला आणि बल्ब पुढे-मागे करत तीस-बत्तीस डिग्रीवर आणलं. हे जमवण्यातच माझी साडेसातची गाडी गेली. तुम्हाला "पुढच्या गाडीने येतो" म्हणालो ते खोटं नव्हतं हो, मला तेव्हा खरंच वाटत होतं की दहापर्यंत अंडं पडेल.

नाही पडलं. जवळच्या दवाखान्यात नेली तर ते म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. खोका मांडीवर घेऊन, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्यात ठेवून, रिक्षाने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाखरं बघणाऱ्या डॉक्टरकडे. रिक्षावाल्याला सांगितलं की आत पेशंट आहे, तो प्रत्येक स्पीडब्रेकरला थांबून मागे बघायचा. डॉक्टरने कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली थोडं सलाईन दिलं आणि मला समोर बसवून प्रश्न विचारायला लागला. आत्तापर्यंत किती वेळा अंडी घातली? समुद्रफेन आहे का पिंजऱ्यात? ऊन लागतं का?

आई-बाबा, माझं खरं सांगायचं ते इथे आहे.

जूनपासूनची ही तिची चौथी खेप. दर खेपेला चार-पाच अंडी. एकेक अंडं साधारण एक ग्रॅमचं, म्हणजे तिच्या वजनाच्या बाराव्या हिश्शाएवढं, आणि ती रोज एक घालते. समुद्रफेन, ते माकुलाचं हाड, जे चोचीने खरवडून ती कॅल्शियम घेते, ते दिवाळीतच संपलेलं. मी "आणू आणू" करत राहिलो. पिंजरा बाल्कनीत काचेमागे, मला वाटायचं छान ऊन येतंय, तर ज्या किरणांनी डी व्हिटॅमिन बनतं ते काच अडवते, नुसता उजेड आत येतो. डी नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. मग कवच बनायला कॅल्शियम आणायचं कुठनं, तिच्याच हाडांतनं. आणि ते संपलं की अंडं ढकलायला लागणाऱ्या स्नायूंतही जोर राहत नाही.

आणि घरटं मी काढलंच नाही कधी. ही पाखरं तिकडे कोरड्या मुलखात राहतात, पाऊस झाला, गवताला बी धरलं की अंडी घालतात, दुष्काळ पडला की गप्प बसतात. माझ्याकडे बारा महिने दाणा, बारा महिने पाणी, उकडलेलं अंडं, कोथिंबीर. तिच्या हिशोबाने पाऊस कधी थांबलाच नाही. पिल्लं उडायच्या आतच पुढच्या खेपेची तयारी. आणि मला मजा वाटत होती हो, पिल्लं झाली की ऑफिसात फोटो दाखवायचे, मित्रांना जोड्या द्यायच्या. बाबा, आपल्या वरच्या शेजाऱ्याने उसाचा चौथा खोडवा धरला, नवी लागण न करता त्याच बुडख्यांवर पुन्हा पुन्हा पीक, तेव्हा तुम्ही बांधावर उभं राहून त्याला काय काय बोललात ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, "जमिनीला तोंड असतं तर शिव्या दिल्या असत्या तुला." मी तेच केलं, खोडव्यावर खोडवा. नुसतं पाखरू आजारी पडलं असतं तर बायकोच्या हवाली करून मी पालीला आलो असतो. आलो नाही कारण ते मी केलेलं होतं.

रात्री पावणेतीनला अंडं पडलं. खोक्यातनं खरवडल्यासारखा आवाज आला म्हणून टॉर्च लावली. टरफल नव्हतंच, नुसती पातळ कातडी, बोट लावलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. ठमी बाजूला लवंडलेली, पण डोळे उघडे. पुढचे तीन दिवस तिला दांडी धरता येत नव्हती, अंड्याच्या दाबाने पायाच्या नसा दबतात म्हणे. टॉवेलावरच बसायची आणि मी पाणी आणि राळे तिच्या चोचीपर्यंत सरकवायचो. दुकानात कांगणी म्हणून देतात ना, ते आपले राळेच.

आता पिल्लू. ते सांगायचं राहिलंच. ह्याच्या आधीच्या खेपेची तीन पिल्लं निघालेली, दोन पहिल्याच आठवड्यात गेली, एक उरलेलं, त्या दिवशी पंधरा दिवसांचं. आई खोक्यात, त्यामुळे भरवायचं काम बापावर. हे नर बरे असतात ह्या बाबतीत, अंडी उबवायलाही बसतात, भरवतातही. पण भोंगा पहिला अख्खा दिवस ठमीला हाका मारण्यात गुंग. संध्याकाळी पिल्लाच्या मानेकडे बघितलं, तिथे खाल्लेलं साठवायची पिशवी असते आणि कातडी इतकी पातळ की आतले दाणे बाहेरनं मोजता येतात, तर पिशवी रिकामी. म्हणून मी भरवायला घेतलं. पिल्लांची पावडर मिळते ती, मनगटावर लावून बघायची, बाळाच्या दुधासारखी, कोमटाला जरा वर. गार दिली तर पचत नाही, गरम दिली तर पोळतं.

हे पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखं मान वर ताणत नाही. खाली दबून बसतं आणि मान अशी पिळून तोंड वर करतं, जणू कोणी त्याचा कान धरलाय. तोंडात आत काळे ठिपके. पण माझ्यासमोर तोंडच उघडेना. चोचीच्या कडेला, जिथे पांढरट गादी असते, तिथे ब्रशच्या टोकाने हळूच टिचकी मारली की एकदा उघडायचं, तेवढ्यात थेंब ठेवायचा, थेंबच, जास्त झालं तर श्वासनळीत जातं. दोन दोन तासांनी, अंधार पडेपर्यंत. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून भरवत होतो, साहेबांनी विचारलं मागे काय वाजतंय, म्हटलं पंखा.

एक घोळ घातला मात्र. दुसऱ्या दिवशी नीट बघावं म्हणून त्याला घरट्यातनं बाहेर काढलं. ह्या वयात काढायचं नसतं, अठरा-वीस दिवसांनी आपणहून बाहेर येतात. ठेवलं परत, तर उडी मारून खाली. परत ठेवलं, परत उडी. पंख पुरते फुटले नाहीत आणि हट्ट एवढा. शेवटी त्याला पिंजऱ्याच्या तळाशी वाडग्यात गवत घालून बसवलं आणि काय सांगू, भोंगा खाली उतरला आणि भरवायला लागला. घरट्यात शिरायचाच कंटाळा होता बहुतेक त्याला. तेव्हापासून माझं काम निम्म्यावर आलं.

आता परिस्थिती अशी आहे. ठमी पाचव्या दिवशी खालच्या दांडीवर चढली, आता वरच्या. घरटं काढून टाकलंय, जोडीच्या मध्ये जाळी घातलीय, एकमेकांना बघतात, बोलतात, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाला सहा महिने तरी नाही, मी म्हटलं कायमचंच नाही. समुद्रफेन दोन टांगलेत, उकडलेल्या अंड्याचं टरफल कुटून वेगळ्या वाटीत, आणि सकाळी अर्धा तास पिंजरा काचेच्या बाहेर, मी शेजारी चहा घेऊन, कावळ्यांवर नजर ठेवून. स्वयंपाकघराजवळ पिंजरा आणायचा नाही हा बायकोचा नियम आहे आणि तो बरोबर आहे, नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या वाफेने पाखरं पटापट मरतात. पिल्लाची चोच अजून काळी आहे, नर का मादी ते कळायला वेळ आहे. काल पहिल्यांदा स्वतः दाणा फोडायला बघत होतं, दाणा निसटून खाली, परत दुसरा, परत खाली, वीस मिनिटं. सगळे मिळून खर्च अठराशे पन्नास झाला. बाबा, हा आकडा तुम्ही विचारणारच म्हणून आधीच लिहिला.

मी पुढच्या शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी पहाटे उंब्रजला उतरेन, दादाला गाडी घेऊन पाठवू नका, चालत येतो. पाखरांकडे बायको बघेल, ती नाही येणार, तिला पुढच्या महिन्यात आणतो. रविवारी सकाळी आपण तिघं पालीला जाऊन येऊ, गर्दी नसेल, बाबांना पायऱ्या निवांत चढता येतील. आईने भंडारा ठेवला असेलच माझ्यासाठी.

तुमचा,
धाकटा

ता. क. माळ्यावर पिल्लांच्या डालग्याचे जुने बल्ब असतील. साठचे निघाले तर दोन, आणि चाळीसचा असला तरी चालेल, वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला काढून ठेवा. त्या म्हाताऱ्याकडे तो एकच होता.