टाळ्या अखत्यारीत, फोटो नाहीत: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

आमच्या तालुक्यातल्या एका कार्यक्रमात बड्या अधिकाऱ्यांनी माइकवरून शब्द दिला होता: जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे मोठे फोटो तुमच्या शाळेत लावू. परवा पत्र आलं, 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' टाळ्या मात्र अखत्यारीत होत्या!

ग्रिफिथ्स कोण, हे कचेरीत कुणाला ठाऊक नसावं. भाषणात आपली त्यांच्या आधी अजिंठ्याची चित्रं उतरवणाऱ्या रॉबर्ट गिल आणि पारोची प्रेमकहाणी पुरते. ग्रिफिथ्स वेल्सचे. १८६५ साली जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला मुंबईला आले, तीसेक वर्षं राहिले. १८७२ ते १८८५ या काळात हिवाळ्यात विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला मुक्काम ठोकायचे. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत ही त्यांचीच पोरं. सुमारे तीनशे चित्रं झाली, लंडनला गेली आणि तिथल्या आगीत शंभरावर खाक झाली. उरलेली तिथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. चित्रं उठून दिसावीत म्हणून लेण्यांच्या भिंतींना व्हार्निश फासलं, ते मात्र मी त्यांना माफ करणार नाही.

पण निदान त्यांना पगार होता! मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका झालेला, अंशकालीन निदेशक. तासावर मानधन, तेही आलं तर. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच कला निदेशक. यंदा आमचा पट ९८. म्हणजे तीन पोरं कमी पडली म्हणून ९८ पोरांची चित्रकला गेली. घरी बायको विचारते, किराणा रंगपेटीतून आणायचा का? राज्यातल्या निम्म्या शाळांत चित्रकलेला मास्तर नसेल. खोटं वाटत असेल तर खरा आकडा तुम्ही छापा.

आणि लेण्यांजवळच्या फर्दापूरला काय केलंत? जपानी कर्ज काढून लेण्यांच्या प्रतिकृतींचं केंद्र उभारलं, २०१३ मध्ये उघडलं, मग वीज-पाण्याची बिलं थकली आणि कुलूप लागलं. इंग्रजांच्या राज्यात निदान आग तरी लागावी लागली.

लंडनच्या संग्रहालयाशी बोला, फोटो मागवा. तेवढं जमत नसेल तर माझं थकलेलं मानधन सोडा. फोटो मीच छापून घेतो. भिंत शाळेची आहे, खिळे माझे.

आपला,
अजिंठ्याच्या पंचक्रोशीतला एक चित्रकला शिक्षक