शून्याची तिप्पटही शून्यच

महोदय,

पाऊस सुरू झाला की मोटारींच्या पुरवण्यांत आणि शोरूमच्या पत्रकांत एक वाक्य हमखास दिसते : 'गाडीला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असल्यामुळे चिखलात अडकण्याची भीती नाही.' डिफरन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची यंत्रणा, आणि लिमिटेड-स्लिप म्हणजे एका चाकाच्या घसरण्याला आवर घालणारी. त्या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळ्या यंत्रणा एकाच पोत्यात कोंबलेल्या असतात. त्यांत सगळ्यांत जास्त गैरसमज टॉर्क-सेन्सिंग (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) प्रकाराबद्दल, म्हणजे टॉर्सन या व्यापारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या डिफरन्शियलबद्दल आहेत. यंत्रणा अतिशय सुंदर आहे, पण ती 'लॉक' नाही, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना पक्की जखडत नाही. ज्याला हे कुणी सांगितलेले नसते तो एक चाक अधांतरी असताना ॲक्सिलरेटर दाबत बसतो, आणि गाडी जागची हलत नाही.

आधी साधे डिफरन्शियल पाहू. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मोकळीक हवी. ती मोकळीक इंजिनाच्या जोराने फिरणाऱ्या क्राउन व्हील या मोठ्या गिअरला बोल्ट केलेल्या केसमधले (पेटीतले) स्टार पिनियन आणि सन गिअर हे छोटे गिअर देतात. मात्र त्यांचा एक स्वभाव आहे : दोन्ही चाकांना ते नेहमी सारखाच टॉर्क देतात. डाव्या चाकाखाली चिखल आहे आणि ते 100 न्यूटन-मीटरला घसरते, उजव्याखाली कोरडा कातळ आहे आणि ते 800 सहज पेलेल, असे धरा. तरीही उजव्याला 100च मिळणार. एकूण 200, आणि तेवढ्यावर चढ चढत नाही. इंजिन कितीही मोठे असो, गाडीची ताकद चिखलातले चाक ठरवते.

टॉर्सनच्या मूळ रचनेत केसच्या पोटात दोन जाड वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या तिरक्या आट्यांचे गिअर, टोकाला टोक लावून बसवलेले असतात. त्यांच्या स्प्लाइनमध्ये (आतल्या खाचांत) चाक फिरवणारा डावा आणि उजवा ॲक्सल शाफ्ट जातो. त्यांच्याभोवती केसच्या खिडक्यांत छोट्या गिअरच्या तीन जोड्या असतात, ॲक्सलला काटकोनात. प्रत्येक छोट्या गिअरच्या मधल्या भागावर वर्मशी जुळणारे तिरके दाते, तर दोन्ही टोकांना सरळ दाते असतात. जोडीतला एक गिअर डाव्या वर्मला लागतो, दुसरा उजव्याला, आणि टोकांचे सरळ दाते एकमेकांत अडकतात. त्यामुळे डावे चाक केसच्या तुलनेत जितके पुढे जाईल तितके उजवे मागे पडते. वळण घेण्यापुरते काम साध्या डिफरन्शियलसारखेच झाले.

खरी करामत तिरक्या दात्यांत आहे. त्यांच्यावर जोर आला की ते फक्त फिरवत नाहीत, बाजूलाही ढकलतात. वर्म गिअर थ्रस्ट वॉशर या बाजूचा दाब झेलणाऱ्या चकतीवर दाबला जातो, छोटे गिअर केसच्या भिंतीवर रेटले जातात, आणि या दाबातून घर्षण तयार होते. इंजिनाकडून टॉर्क जितका जास्त येईल तितका दाब जास्त, तितके घर्षणही जास्त. 'टॉर्क-सेन्सिंग' या नावातले सेन्सिंग ते एवढेच. आत सेन्सर नाही, वायर नाही, कॉम्प्युटर नाही. गिअरला जोर कळतो तो दात्यांच्या तिरकेपणामुळे.

इथे एक लोकप्रिय अर्धसत्य दुरुस्त करायला हवे. पुष्कळ ठिकाणी असे समजावतात की वर्म गिअर चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही, म्हणून टॉर्सन लॉक होतो. रबरी नळीवर आवळायची स्क्रूची क्लिप हे त्याचे घरगुती उदाहरण : स्क्रू फिरवला की पट्टी सरकते, पट्टी कितीही ओढली तरी स्क्रू फिरत नाही. टॉर्सनमध्ये हे शंभर टक्के खरे असते तर गाडी वळलीच नसती, कारण वळताना एका बाजूच्या छोट्या गिअरला वर्म फिरवावाच लागतो. म्हणून दात्यांचा कोन असा निवडलेला असतो की उलट दिशेने फिरणे अवघड जावे, पण अशक्य होऊ नये. ते किती अवघड ठेवायचे हेच डिझायनरच्या हातातले माप.

त्या मापाला टॉर्क बायस रेशो म्हणतात. तो 3 असेल तर कमी पकड असलेल्या चाकाने जेवढा टॉर्क पेलला त्याच्या जास्तीत जास्त तिप्पट दुसऱ्या चाकाला मिळू शकतो. वरच्या उदाहरणात डावीकडे 100, उजवीकडे 300, एकूण 400. साध्या डिफरन्शियलच्या बरोबर दुप्पट, आणि चालकाने काहीही न करता. शिवाय चाक घसरून भरमसाट फिरायला लागण्याची वाट पाहावी लागत नाही. आंबेनळी किंवा वरंधा घाटातल्या ओल्या, चढाच्या वळणावर आतले चाक हलके होते तेव्हा टॉर्सनचे मोल कळते. जोर बाहेरच्या चाकाकडे आपोआप झुकतो, झटका नाही, आवाज नाही.

वर्मच्या मूळ रचनेत हे प्रमाण बरेच वर नेता येते. ॲक्सलला समांतर बसवलेल्या तिरक्या दात्यांच्या पिनियनची दुसरी रचना आहे, तिच्यात ते कमी असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते कमीच बरे, नाहीतर स्टिअरिंग हातातून ओढले जाते.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे गुणाकाराचे यंत्र आहे. डावे चाक चिखलात न राहता खड्ड्यावर अधांतरी लटकले, तर ते जवळपास शून्य टॉर्क पेलते. शून्याची तिप्पट शून्यच. काही रचनांत स्प्रिंग वॉशर घालून थोडा प्रीलोड, म्हणजे कायमचा दाब, ठेवतात, त्यामुळे थोडेफार घर्षण सुरुवातीपासूनच मिळते, पण त्याच्या भरवशावर गाडी खड्ड्यातून निघत नाही. वर नुसते रेस करत बसणे धोक्याचे. क्राउन व्हील ताशी 40 किलोमीटरच्या हिशेबाने फिरत असेल आणि एक चाक उभे असेल, तर लटकलेले चाक 80च्या हिशेबाने फिरते. ते अचानक खडकाला टेकले तर तो हिसका ॲक्सल शाफ्ट आणि गिअरचे दाते झेलतात.

उपाय गुणाकारातच आहे : त्या चाकाला थोडे काम द्या. ब्रेक हलका दाबला आणि प्रत्येक चाकावर 150 न्यूटन-मीटरचा अडथळा आला असे धरू. लटकलेले चाक आता 150 पेलते, म्हणून दुसऱ्याला 450पर्यंत जातात. त्यातले 150 त्याचा स्वतःचा ब्रेक खातो, उरलेले 300 जमिनीला मिळतात. प्रमाण 2 असेल तर उरतात 150, आणि दीड असेल तर फक्त 75. प्रमाण कमी तितकी ही युक्ती लंगडी.

ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाने ब्रेक एकसारखा, हलका धरावा, ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवावा आणि गाडी सरकू लागली की ब्रेक सावकाश सोडावा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाडीत हेच हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून करता येते. हे काही सेकंदांचे काम आहे, जास्त वेळ केले तर ब्रेक तापतात. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या : अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की इंजिनाची ताकद आपोआप कापली जाते. तिथे ट्रॅक्शन कंट्रोललाच काम करू द्यावे. ते फक्त घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, त्यामुळे पकड असलेल्या चाकाचे काहीच वजा होत नाही. तोच 150चा ब्रेक साध्या डिफरन्शियलमध्ये दुसऱ्या चाकाला 150 देतो, टॉर्सनमध्ये 450. चिखल दिसला रे दिसला की ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण बंद करण्याची सवय टॉर्सनवाल्या गाडीत म्हणूनच बहुतेक वेळा उलटी पडते.

ही मर्यादा बनवणाऱ्यांना नेहमीच माहीत होती. अमेरिकन संशोधक व्हर्नन ग्लीझमन यांना या कल्पनेचे पेटंट 1958 मध्ये मिळाले. ऑडीच्या 1980च्या पहिल्या क्वाट्रो या चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत मधले, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले, डिफरन्शियल चालकाने हाताने लॉक करावे लागे. 1986पासून कंपनीने तिथे टॉर्सन बसवला आणि डांबरी रस्त्यावरच्या, बर्फावरच्या गाडीसाठी तो निर्णय अचूक ठरला. पण आपल्याकडेही दिसणाऱ्या लँड क्रूझर प्राडोत पाहा : पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये टॉर्सन आहे, तरीही टोयोटाने त्याला वेगळे लॉक दिले. दगडधोंड्यांत जाणाऱ्या गाडीला टॉर्सन एकटा पुरत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

नाशिकला तयार होणाऱ्या थारच्या काही मॉडेलमध्ये मागे मिळते ते मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. त्याचा टॉर्सनशी संबंध नाही. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला सुमारे 100चा फरक पडला की ते खरोखर लॉक होते, म्हणजे आधी चाक घसरावे लागते, पण मग लटकलेल्या चाकालाही ते जुमानत नाही. टॉर्सन घसरण्याआधी काम करतो आणि अधांतरी चाकापुढे हरतो. दोघांना एकच नाव देणे म्हणजे खरेदीदाराची दिशाभूल आहे.

देखभालीबद्दल गॅरेजमध्ये जे कानावर पडते तेही तपासून घ्यायला हवे. क्लच प्लेटच्या, म्हणजे घर्षणाच्या चकत्या वापरणाऱ्या, लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलला घर्षण कमी करणारे खास ॲडिटिव्ह लागते. टॉर्सनला ते लागत नाही, उलट त्याचे सगळे काम घर्षणावर चालत असल्याने ते घातले तर बायस कमी होतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचे जीएल-5 गिअर ऑइल पुरेसे. 'नव्वद नंबर टाकून देतो' यावर मान डोलावू नका, पुस्तिकेत 75डब्ल्यू-90 लिहिले असेल तर तेच मागा. तेल बदलताना गाडी सपाटीवर हवी, तेल कोमट हवे, आणि आधी वरचा भरायचा प्लग उघडावा, मगच खालचा. वरचा गंजून बसलेला असेल तर रिकाम्या हाउसिंगची (डिफरन्शियलच्या बाहेरच्या कवचाची) गाडी रॅम्पवर अडकून पडते. नवे तेल वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचे. प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे नेहमीचे आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर केस उघडावी लागेल. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, आणि त्याचे कारण बहुधा मातीने बुजलेला ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट, असतो. तापलेले हाउसिंग ओढ्यात बुडून एकदम गार झाले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. पावसाळ्याआधी ब्रीदर साफ करणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

सगळ्यांत जास्त नुकसान टायर करतात. एका बाजूला 8 मिलिमीटर नक्षीचा नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला 3 मिलिमीटर उरलेला जुना, अशी जोडी 235/65 आर17 मापात लावली तर त्रिज्येत 5 मिलिमीटरचा फरक पडतो. हिशेब केला तर दर किलोमीटरला सुमारे 6 फेऱ्यांची तफावत येते. 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत ती 4000च्या वर जाते. साध्या डिफरन्शियललाही हे आवडत नाही, पण टॉर्सनमध्ये ही प्रत्येक फेरी दाबाखालच्या घर्षणात होते. परिणाम : तेल तापते, थ्रस्ट वॉशर झिजतात. एका ॲक्सलवर टायर नेहमी जोडीनेच बदलावेत. मधल्या टॉर्सनच्या गाडीत चारही टायर सारखेच झिजतील अशा बेताने त्यांची अदलाबदल करत राहावी. अशी गाडी बंद पडली तर दोन चाके उचलून ओढून नेऊ देऊ नये, चारही चाके वर असणारी फ्लॅटबेडच मागवावी.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक इशारा. दोन्ही चाके उचलून, इंजिनाकडून ॲक्सलला जोर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट फिरणार नाही असा अडवून, एक चाक हाताने फिरवायचे आणि दुसरे उलटे फिरले तर 'लिमिटेड-स्लिप मेली' असे जाहीर करायचे, ही चाचणी क्लच प्लेटच्या प्रकारासाठी आहे. प्रीलोड नसलेला धडधाकट टॉर्सनही या चाचणीत दुसरे चाक उलटेच फिरवतो, कारण हाताच्या जोराने दात्यांवर दाब येतच नाही. आणि एकच चाक जॅकवर घेऊन गिअर टाकून बघण्याचा प्रकार कुणीही करू नये. जमिनीवरच्या चाकाला थोडा जरी टॉर्क गेला तरी गाडी जॅकवरून खाली येते.

आपल्या मोटार पुरवणीत गाड्यांची तुलना छापताना 'डिफरन्शियल' या रकान्यात नुसते 'एलएसडी' (लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल) न लिहिता प्रकार लिहावा : साधे, क्लच प्लेटचे, टॉर्क-सेन्सिंग, आपोआप लॉक होणारे की बटणाचे. टॉर्क-सेन्सिंग असेल आणि कंपनीने बायस रेशो दिला असेल तर तोही द्यावा. 2 आणि 4 या आकड्यांत चढावर पडणारा फरक वाचकाला अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

आपला,
एक वाचक, चिंचवड, पुणे