विडी कामगारांना फिजिओथेरपी जवळ मिळावी

महोदय,

मी अशोक चौक परिसरातली विडी कामगार. मांडीवर सूप घेऊन, कंबर वाकवून दिवसभर विड्या वळते. गेल्या वर्षी कमरेपासून डाव्या पोटरीपर्यंत कळ जाऊ लागली. शेजारणी म्हणाल्या, फळीवर पडून राहा. डॉक्टरांनी तपासून सायटिका सांगितला. मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबली जात होती. पडून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा, असं बजावून त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवलं.

तिथल्या ताईंनी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं. कळ पोटरीतून वर सरकत कमरेपाशी आली तर व्यायाम लागू पडतोय. खाली पायात उतरली तर थांबायचं. ही खूण मला फार मोलाची वाटते, कारण तीवरून घरच्या घरी आपलं आपल्याला कळतं. सूप आता पाटावर उंच ठेवते, अधूनमधून उठून चालते. आराम हळूहळू पडला, पण पडला.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम करत बसू नये, ताबडतोब मोठं रुग्णालय गाठावं.

आमच्यातल्या कितीतरी जणी रोज बुडेल म्हणून दुखणं अंगावर काढतात. विडी कामगारांच्या दवाखान्यांत आणि कुंभारीच्या घरकुल वसाहतीत आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवावा, ही प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक विडी कामगार, सोलापूर