मधल्या पायरीच्या पेस्टबद्दल तक्रार, आणि स्टील वूलच्या सल्ल्याबद्दल खुलाशाची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: घरी बांधलेल्या विमानाच्या उघड्या पत्र्यासाठी घेतलेल्या तुमच्या तीन पायऱ्यांच्या (भरड, मधली, बारीक) पॉलिश संचातील मधली पेस्ट सदोष असल्याबाबत

स.न.वि.वि. लिहिण्याइतका उत्साह आजच्या फोननंतर उरलेला नाही. थेट मुद्द्यावर येतो.

नव्या बॅचच्या मधल्या पेस्टमधली ग्रिट (घासणारे बारीक कण) फुटत नाही. जुनी पेस्ट दोन फूट बाय दोन फुटांत बोटाने चार-पाच ठिपके लावून लोकरी पॅडने १,५०० ते २,००० आरपीएमवर फिरवली की आधी काळी पडायची, मग सुकत जाऊन पॅडबरोबरच निघायची आणि खालचा पत्रा स्वच्छ दिसायचा. नवी शेवटपर्यंत करडी, चिकट राहते आणि खाली ओरखडे सोडते. पत्र्याच्या रोलिंगच्या रेषा सरळ असतात; हे ओरखडे वळतात, पॅडच्या कडेच्याच गोलाईने. ‘पॅडमध्ये कचरा असेल’ हे उत्तर तुमच्याकडे तयार असेलच. त्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यावर मधोमध टेप लावून एकीकडे जुनी, दुसरीकडे नवी पेस्ट फिरवली आहे. दोन्हीकडे कोरे पॅड, मशीन तेच, वेग तोच. टॉर्च तिरपा धरला की फरक कुणालाही दिसतो.

शेवटच्या पायरीची बारीक पेस्ट फक्त धूसरपणा काढते, असले ओरखडे तिच्या आवाक्यातले नाहीत. म्हणजे ते घालवायचे तर पुन्हा भरड पेस्टकडे जायचे. इथेच तुमच्या ‘परत एकदा फिरवून बघा सर’चा खरा खर्च आहे. हा पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड आहे, म्हणजे मिश्रधातूवर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियम चढवलेला. ०.०३२ इंच जाडीच्या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर प्रत्येक बाजूला सुमारे ५ टक्के, म्हणजे जेमतेम ०.०४ मिलिमीटर. खालच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांच्या आसपास तांबे असते, त्याला गंजापासून वाचवतो तो हाच थर. रिव्हेटची डोकी आणि पत्र्यांच्या कडा इथे तो आधी संपतो आणि एकदा गेला की परत चढवता येत नाही. तुमचा प्रत्येक ‘परत एकदा’ त्याच ०.०४ मिलिमीटरमधून वजा होतो.

आता आजचा फोन. पहिला प्रश्न: “गाडीचं मॉडेल सांगा सर.” विमान आहे म्हटले. “ओके सर. सेडान की एसयूव्ही?” पुन्हा सांगितले, विमान, डब्यावर ज्याचे चित्र तुम्हीच छापले आहे, ते. बराच वेळ शांतता. मग कळले की मॉडेल निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि माझी तक्रार ‘इतर दुचाकी’ या सदरात नोंदवली गेली. पेस्टचा पीएच विचारला तर उत्तर आले, “सर, लिंबाचा फ्रॅग्रन्स आहे.” मग वरिष्ठ आले. त्यांनी ओरखड्यांवर बारीक स्टील वूल घासायला सांगितले.

स्टील वूल! मऊ अ‍ॅल्युमिनियमवर! लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, ओल लागली की त्या प्रत्येक कणाभोवती गंजाचा खड्डा पडतो. हे पॉलिश बनवणाऱ्या कंपनीला ग्राहकाने शिकवायचे? पुढे ते म्हणाले, “नाहीतर रंगच देऊन टाका ना सर.” धन्य आहे. रंगाचा प्राइमर धरायचा तर तुमची पेस्ट आधी पत्र्यांच्या जोडांतून निघायला हवी. ती मिनरल टर्पेंटाइनने आणि मऊ ब्रशनेही निघत नाही, रिव्हेटभोवती काळे कडे करून बसते, जोडात ओल धरून ठेवते. याहून कडक सॉल्व्हंट अ‍ॅक्रिलिकच्या कॅनॉपीजवळ (कॉकपिटवरच्या पारदर्शक छताजवळ) कोण नेईल?

पीएचचा प्रश्न पुन्हा विचारतो, कारण उत्तर अजून लिंबाशीच थांबले आहे. अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर साधारण पीएच ४ ते ८.५ या पट्ट्यात टिकतो. नवा डबा उघडताच लिंबाच्या मागून अमोनियासारखा वास येतो. अमोनिया असेल तर पीएच या पट्ट्याच्या वर जाऊ शकतो; मग ‘सर्व अ‍ॅल्युमिनियमसाठी सुरक्षित’ हे लेबल कशाच्या आधारावर?

मला हवे ते असे: सुरक्षा माहितीपत्रक, पीएच, दोन्ही बॅचमधल्या ग्रिटचा आकार, आणि संपूर्ण संचाचे पैसे परत. फक्त मधल्या डब्याचे नकोत. मधली पायरी नसेल तर उरलेल्या दोन पेस्ट निरुपयोगी आहेत. लेखी उत्तर आले नाही तर टेप लावलेला तो तुकडा, शेजारी तुमचा डबा, लेबल समोर, असे विमान बांधणाऱ्यांच्या पुढच्या मेळाव्यात टेबलावर मांडणार आहे. वर एक टॉर्चही ठेवीन. वर्षानुवर्षे ज्याला त्याला तुमचेच नाव सांगत आलो, याचे वाईट वाटते.

– एक ग्राहक

ता.क. हे लिहीत असतानाच संदेश आला: ‘आपल्या दुचाकीविषयीच्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’