शनिवारी मी मीटिंगमध्ये नव्हते

प्रिय आई-बाबा,

शनिवारी मी फोनवर म्हटलं ना की मीटिंगमध्ये होते, ते खोटं होतं. शनिवारी संध्याकाळी कसली आलीये मीटिंग, बाबांना तेव्हाच कळलं असणार, ते नुसतं "बरं" म्हणाले. मी ब्रुजला गेले होते. एकटी. ब्रसेल्सपासून ट्रेनने तासभर, बाबा ऑफिसला जायचे तेवढंच, सकाळी जाऊन रात्री घरी, त्यामुळे आई, प्लीज लगेच देव पाण्यात घालू नकोस. एकटी का, तर एक गोष्ट तुम्हाला कशी सांगायची याचा विचार करायचा होता. ती शेवटी लिहिणार होते, पण आई आधी शेवटचं पान वाचते, म्हणून इथेच लिहिते. कंपनीने अजून दोन वर्षं राहशील का विचारलं आणि मी हो म्हटलं. गुरुवारी. तुम्हाला न विचारता.

रागावून झालं की पुढे वाचा.

दोन वर्षं म्हणजे तशी काही फार नाहीत, बघता बघता जातात, फ्लॅटचं लोनही तेवढ्यात बरंच उतरेल, इथे सहाला घरी येते, पाठदुखी गेली, आणि आईच्या गुडघ्यासाठी मी तीन आठवडे येतेच आहे, ती रजा लेखी घेतलीये. कारणं जास्तच देतेय, कळतंय मला. खरं कारण एवढंच की मला इथे काम करायला आवडतंय. तुमच्यापासून लांब राहायला आवडतंय असा त्याचा अर्थ काढू नका, बाबा तो काढतील आणि दोन दिवस गप्प बसतील.

तर ब्रुज. थंडी होती पण आतून थर्मल घातलं होतं, कानटोपी होती, बूट तेच जुने न घसरणारे. दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. चौकात घंटाघराच्या पायथ्याशी फ्राईजच्या हिरव्या टपऱ्या आहेत, वास असा की पोट भरलेलं असलं तरी पाय थांबतात, पण इकडे बऱ्याच ठिकाणी त्या गुरांच्या चरबीत तळतात, म्हणून नुसता वास घेतला आणि बाकावर बसून दशमी खाल्ली. तिखट लागलं. रडूही आलं थोडं, चटणीनेच.

बाबा, तुम्ही असतात तर एका पुलावरून हलला नसतात. कालव्यांना तिथे रेइ म्हणतात, मूळच्या रेइ नदीवरून. गाव समुद्रापासून आत आहे, पण 1134 च्या वादळात समुद्र आत घुसला आणि झ्विन नावाची खाडी तयार झाली, तिच्या जोरावर हे युरोपातलं मोठं बंदर झालं. मोठ्या चौकाच्या कडेला वॉटरहाले म्हणून एक इमारत चक्क पाण्यावर होती, नावा छपराखाली शिरायच्या आणि माल पावसात न भिजता उतरायचा. ती 1787 मध्ये पाडली. आणि झ्विनचं काय झालं ते तुम्ही न वाचता सांगाल. गाळ. साचत साचत 1500 च्या आसपास खाडी निकामी झाली आणि व्यापार अँटवर्पला गेला. मग गाव इतकं गरीब झालं की जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसेच नव्हते, म्हणून ती राहिली, आणि आता तीच बघायला अख्खं जग येतं. तुमची गाळावरची सगळी भाषणं मला तिथे आठवली, जेवताना आम्ही हसायचो ती. सॉरी.

अर्धा तास बोटीतही बसले. पूल इतके बुटके की नावाडी डोकी खाली घ्या म्हणून ओरडतो. नंतर काठाकाठाने चालताना लक्षात आलं की मी पाण्याच्या बाजूने चालतच नाहीये, आपोआप भिंतीकडे सरकतेय. तुम्ही साइटवर न्यायचात तेव्हा कालव्याच्या भरावावर मला आतल्या बाजूला ठेवायचात आणि बोट नाही, मनगट धरायचात. घट्ट, दुखेपर्यंत. बोट सुटतं म्हणायचात. चौतीस वर्षांची झाले तरी पाणी दिसलं की माझं मनगट सावध होतं.

आई, तुझ्यासाठी एक मूर्ती बघून आले. चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोची मेरी आणि बाळ, पांढरा संगमरवर, मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. आपल्याला माहीत असतं तसं मांडीवरचं बाळ नाही ते. तिच्या गुडघ्यांमध्ये उभं आहे, एक पाय खाली टाकायच्या बेतात, आणि त्याने तिचा हात धरलाय. तिने पकडलंय असं काही नाही, हात नुसता राहू दिलाय. आणि ती त्याच्याकडे बघतही नाहीये, खाली कुठेतरी बघतेय, तू मला एअरपोर्टवर सोडताना ट्रॉलीच्या चाकाकडे बघत होतीस तशी. मी तिथे बराच वेळ उभी होते. ही मूर्ती दोनदा पळवून नेली, आधी 1794 मध्ये फ्रेंचांनी, मग 1944 मध्ये जर्मनांनी गाद्यांमध्ये लपवून, पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडली. दोन्ही वेळा घरी परत आली. हे मी मुद्दाम लिहितेय असं म्हणाल तर हो, मुद्दाम लिहितेय.

शेवटी घंटाघर. 83 मीटर, 366 पायऱ्या, जिना वर वर इतका चिंचोळा की धरायला दोर लावलाय आणि वरून कुणी आलं की भिंतीला पाठ लावून पोट आत. तू देवळाच्या पायऱ्या मोजतेस तशी मोजत होते, दोनशेच्या पुढे चुकले. वर 47 घंटा आहेत, त्या मी जवळ असतानाच वाजल्या, कानात दडे. तेवढ्यात कधीतरी बॅटरी संपली. ट्रेनमध्ये चार्जिंगला लावल्यावर तुमचे चार मिसकॉल दिसले आणि पोटात खड्डाच पडला, वाटलं बाबांच्या छातीतच दुखलं. तर तुम्ही गॅसच्या पावतीचं विचारत होतात! त्या घाबरलेल्या तोंडातून "मीटिंग" निघालं.

आता ऐका. गुडघ्याची तारीख पुढे ढकलायची नाही, लग्नं निघोत नाहीतर बारशी. बाबांनी गोळ्या त्या वारांच्या डब्यात भरायच्या, खिशात सुट्या नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, दोघांनीही. रात्री दिवा लावून उठायचं, बिल मी भरते. आणि मला न सांगता ब्लड टेस्ट टाळली असेल तर मला कळेल, कसं ते विचारू नका. ओरडत नाहीये. इतक्या लांबून मनगट धरता येत नाही म्हणून असं बोलते.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन करते. बाबा, "बरं" म्हणू नका, काहीतरी बोला.

तुमची,
मनी

ता. क. आई, लेस आणलीये. दुकानात बरीचशी मशीनची असते, ही हातची आहे. तिथे एक बाई उशीवर टाचण्या टोचून लाकडी काड्यांनी दोरे विणत होत्या, खटखट, तुझ्या क्रोशापेक्षा खूपच भरभर, पण तुझ्या विणीला जास्त घट्टपणा आहे. तळहाताएवढीच घेतली, तेवढीच परवडली. कपाटात जपून ठेवू नकोस, वापर.