संदीप, सोमवारी रुजू होण्याआधी हे वाच

दादर, मुंबई

प्रिय संदीप,

तुझा रिपोर्ट वाचला. आपण ऑटिस्टिक आहोत हे पस्तिशीत कळल्यावर कुणीही हबकेल. पण बीकेसीतल्या नव्या नोकरीत "कुणाला पत्ताच लागू द्यायचा नाही" असं तू ठरवलंयस, ते मला अजिबात पटलेलं नाही. दिवसभर नजरेला नजर भिडवायची, कॅन्टीनच्या कलकलाटात हसत बसायचं, यातच तू पार थकून जाशील. अरे, ताळेबंदातली चूक तुझ्याइतकी चटकन दुसऱ्या कुणाला सापडलेली मी पाहिली नाही. तुला त्यासाठी घेतलंय.

हे निदान कुणाला सांगायचं हा सर्वस्वी तुझा प्रश्न. काय लागतं, ते मात्र माग. माझ्या एडीएचडीपायी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही त्यापायी, मी तेच करतो. साहेब जाता जाता टेबलाशी थांबून तीन कामं सांगतात. त्यांची पाठ वळली की मी लगेच मेल टाकतो: "आधी जीएसटीचा मेळ, गुरुवारी चारपर्यंत. मग सप्लायरची थकबाकी. पगाराची शीट शुक्रवारी. बरोबर ना?" ते हो म्हणतात, नाहीतर क्रम बदलतात. हल्ली तेच आधी लिहून पाठवतात, आणि अख्ख्या सेक्शनची सोय झालीये.

तू कोपऱ्यातली जागा माग, हेडफोनची मुभा माग, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी माग. आणि मुख्य म्हणजे कामाची वेळ आठची करून घे. कुर्ल्याची ऐन गर्दी टळली तरी तुझा निम्मा दिवस वाचेल.

हे उपकार मागणं नव्हे रे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे. (माझं एडीएचडी नाही, याचं मला वाईट वाटतं.) समान संधीचं धोरण खासगी कंपनीलाही जाहीर करावं लागतं; तुमचं एचआरकडून मागून घे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाला किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, पण तुला सध्या त्याची गरज नाही.

पहिल्याच दिवशी काही पाठवू नकोस. आठवडाभर बसून बघ, नक्की कशाचा त्रास होतो ते टिपून ठेव, मग मॅनेजरशी बोल आणि बोलणं झालं की त्याच दिवशी मेल टाक. रविवारी घरी ये, मसुदा दोघं मिळून लिहू. आई वाट बघतेय.

तुझा,
निखिल