बोटीचा नांगर टाकून, ओढून बघा

महोदय,

हंगामाआधी बोटींची तपासणी होते तेव्हा लाइफ जॅकेट मोजतात, इंजिन सुरू करायला लावतात, कागद बघतात. नांगराचे मात्र ‘आहे ना?’ एवढ्यावर भागते. तो पाण्यात टाकून, ओढून बघावा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

मी कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत बोट नेतो. दोन वर्षांपूर्वी परत येताना दुपारच्या वाऱ्यात इंजिन बंद पडले. बोटीत ११ माणसे, त्यात दोन लहान मुले. नांगर टाकला, दोरी ताणली, तरी बोट काठच्या कातळाकडे सरकतच राहिली. मागून दुसरी बोट आली म्हणून निभावले. पाणी ४० फूट आणि माझी दोरी ६० फूट. चूक माझीच होती, आणि त्या मुलांचे चेहरे अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

पुढच्या मे महिन्यात शिवसागराचे पाणी उतरल्यावर उघड्या तळावर नांगर ओढून पाहिला. दोरीला मध्ये ओढ मोजणारा ताणकाटा लावला. हा तळ म्हणजे आमचीच बुडालेली भातखाचरे. आजोबांनी जिथे बैलांचा नांगर धरला तिथे मी बोटीचा ओढत होतो, आणि रीत तीच निघाली. ओढ वरून आली की फाळ उचलला जातो, आडवी आली की तो मातीत शिरतो. म्हणून दोरी लांब हवी, निदान खोलीच्या पाचपट, वारा असेल तर सातपट. खोलीही बोटीच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, धरायची. ४० फूट पाणी आणि पाण्यावर ४ फूट नाळ म्हणजे पाचपटीने २२० फूट दोरी. नांगराजवळ थोडी साखळी असली की तिच्या वजनाने ओढ खाली राहते.

तळाप्रमाणे मात्र सगळे बदलते. वाळूत दोन चपट्या पात्यांचा नांगर लगेच रुतला. गाळात तो आधी बराच सरकला, खोल गेल्यावर मग धरला. घट्ट मुरमावर नुसत्या रेघा ओढत गेला, काटा जेमतेम हलला. कातळावर चार आकड्यांचा नांगर बरा, पण तोही फट सापडली तरच. जुन्या झाडांच्या बुंध्यात अडकला तर बोट हलत नाही, पण नांगरही निघत नाही. त्यासाठी त्याच्या बुडाला वेगळी बारीक दोरी आणि वर तरंगणारा डबा बांधावा. उलट्या बाजूने ओढला की सुटतो.

तपासणीत प्रत्येक बोटीला गाळावर आणि मुरमावर नांगर टाकायला लावावा. फेकायचा नाही, हळू सोडायचा. मग इंजिन उलटे चालवून काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्यात. रेषा मोडली की नांगर सरकतोय. दोरी मात्र धरण भरलेले असतानाच्या खोलीवरून मोजावी. मेमधल्या पाण्यावर मोजलेली दोरी ऑक्टोबरात अपुरी पडते.

कुठे गाळ आहे, कुठे मुरूम, कुठे बुंधे, हे आम्हा चालकांना पाठ आहे. तपासणीच्या दिवशी जागा दाखवायला मी माझी बोट घेऊन येईन.

— एक बोटचालक, बामणोली, ता. जावळी, जि. सातारा